पेटीत आई नाही

सोमवार, ६ जानेवारी

मांजरं आली! चक्क वर्गात, मी दुसऱ्या महिन्यावर असताना.

दोष पेटीचा. अंकुर संस्थेने दिलेली मूळ पेटी फुटली, म्हणून बाजारातल्या सोनुबाईकडून थर्मोकोलची घेतली. ती बोंबलाची होती. तीनदा धुतली, उन्हात ठेवली, आत कापूर टाकला. आता माझ्या बाळांना कापूर लावलेल्या बोंबलाचा वास येतो. रबरी बाळं पाच — पहिल्या महिन्याचं (ते म्हणजे नुसता ठिपका!) ते पाचव्या महिन्याचं. ती घेऊन शाळाशाळांतून फिरायचं, जन्माआधीचं आयुष्य मुलांना सांगायचं, एवढं काम. पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा शाळेत बसायला मिळतंय. आणखी काय हवं माणसाला?

आठवीचा वर्ग होता. म्हटलं, "तुम्ही सगळे एके काळी तिळाएवढे होतात. तुमचे हेडमास्तरसुद्धा." वर्ग असा हसला की बाकं हलली. हेडमास्तर दारातच उभे. म्हणाले, "माझं नाव मधे कशाला?" जसा काही मी चारचौघांत आळ घेतला!

मग कविता म्हणवून घेतली. माझीच. आमच्या चौथीतल्या चालीवर बसवलीय, हाताची घडी घालून, डोलत म्हणायची —

पहिला महिना तिळाएवढा,
दुसरा महिना वालाएवढा,
तिसरा महिना लिंबाएवढा,
चौथ्याला पेरू, पाचव्याला केळं —
आईच्या पोटात कोण गं खेळं?

चाळीस मुलं एका सुरात. खिडकीतून उसाच्या चिपाडासारखं पिवळं ऊन. क्षणभर मला माझी पाटी दिसली, कोपरा तुटलेली. गुरुजी म्हणायचे, कविता पाठ झाली की ती तुमची, मग कुणी काढून घेऊ शकत नाही. माझं सगळं आयुष्य वीजघरात नळांचे दाब लिहिण्यात गेलं, पण त्या कविता खरंच कुणी काढून घेतल्या नाहीत.

संस्थेच्या किशोरने फॉर्म दिलाय भरायला. एक रकाना असा: 'मतपरिवर्तन झालेल्यांची संख्या.' मी प्रामाणिकपणे लिहिलं — विद्यार्थी: सांगता येत नाही. मांजरं: दोन, शेवटपर्यंत बसली.


बुधवार, ८ जानेवारी

किशोरचा फोन. मांजरं मोजायची नाहीत.


रविवार, १२ जानेवारी

आज माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

कुंभिवलीची मंडळी ऋतिकाला बघायला आली. ऋतिका म्हणजे माझी नात, रोहिणीची मुलगी, कर्जतला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मुलगा संतोष. तो आणि ती दोन वर्षं एकमेकांना बघून बसलेत, आम्ही फक्त बघण्याचं नाटक करायचं. विमलबाई, त्याची आई, धिप्पाड बाई. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे, ट्रकवाल्यांशी बोलून बोलून आवाज असा झालाय की शेजारच्या क्वार्टरमधलं पोर दचकून उठलं.

जावयाने, वाल्मिकने, परसात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. मडकं उपडं करून भोवती जाळ. सगळं छान चाललं होतं. मडकं उघडलं, भांबुर्ड्याचा तो उग्र वास उठला, आणि रोहिणी तोंडाला पदर लावून आत पळाली. मागोमाग ऋतिका. मोरीतून उलटीचे आवाज — बाहेर सगळे मान खाली घालून शेंगा सोलतायत. थोड्या वेळाने ऋतिका एकटीच आली, चेहरा ओला, म्हणाली, "काही नाही. पित्त."

विमलबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग पोटाकडे. मग संतोषकडे. संतोष कानापर्यंत लाल.

"पोरीला वास नाय सोसत वाटतं," विमलबाई म्हणाल्या.

वातावरण जड झालं. मला वाटलं, काहीतरी करून हलकं करावं. आणि मी — मी पेटी घेऊन आलो! सगळ्यांसमोर उघडली! विमलबाईंच्या हातात सोललेला वाल होता, आणि मी त्यांना रबरी बाळ दाखवत हाताची घडी घालून म्हणतोय, "दुसरा महिना वालाएवढा..."

त्यांनी हातातला वाल खाली ठेवला.


सोमवार, १३ जानेवारी

विमलबाईंचा फोन आला होता. "पोरीची तब्येत कशी हाय?" एवढंच. पण तीनदा.

ऋतिका माझ्याशी बोलत नाही. पेटीला लाथ मारून गेली. चौथ्या महिन्याचं बाळ कपाटाखाली गेलं होतं, काठीने काढलं.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऋतिकाने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "मी नाही, नाना. आई."

मला कळेना.

"आईला होतात उलट्या. सातवा आठवडा आहे."

रोहिणी! माझी रोहिणी त्रेचाळीस वर्षांची आहे. तिच्या चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा जास्त आहे! मी तिळगूळ तसाच गालात धरून बसलो. आणि मग आतून असं काही उसळलं — आनंदच, दुसरं काय म्हणू? पंचवीस शाळांत ज्याच्याविषयी बोललो तो माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, वालाएवढा! उठून स्वयंपाकघरात गेलो. रोहिणी पोळ्या लाटत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने लाटणं वर केलं.

"नाना, एक शब्द नाही. मी तुमची आठवी ब नाही."

"अगं, पण —"

"वैशाखात मुलीचं लग्न करायचं. मांडवात मी सहा महिन्यांची! लोक नवरीला बघतील की मला? आणि त्या कुंभिवलीच्या बाईला आधीच काय काय वाटतंय. सोमवारी कर्जतला जाऊन मोकळी होऊन येते. झालं."

झालं म्हणाली. पण पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.


बुधवार, १५ जानेवारी

वाल्मिकला गाठलं. म्हणाला, "नाना, तिला वाटेल तसं." आणि वीजघरात जादा पाळी मागून घेतली. कालही घेतली होती. असा घाबरलेला माणूस मी बघितला नाही. चार टर्बाइनं एकटा सांभाळतो!


गुरुवार, १६ जानेवारी

बोललो नाही. दिवसभर. जिभेला फोड आल्यासारखं झालंय.


शुक्रवार, १७ जानेवारी

हे लिहू की नको? पण इथे नाही लिहायचं तर कुठे!

ठाकुरवाडीच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी एक वस्ती आहे, तिथल्या शाळेत गेलो. मुलं चौदा. मुलांबरोबर बायाही येऊन बसल्या, कडेवर तान्ही घेऊन. ज्यांना जन्मापर्यंतचं सगळं ठाऊक आहे त्यांनाच मी सांगत होतो. बाळं हातोहात फिरली. सगळ्यात म्हाताऱ्या गोदूबाई. त्यांनी पाचही बाळं ओच्यात घेतली, एकेक उलटंपालटं करून बघितलं, आणि मला विचारलं,

"यांची आई कुठं?"

"आई नाही, आजी. ही नुसती समजावून सांगायला आहेत."

"आई नाय? मंग वागवतो कोण?"

"मी."

"तूच?"

"मीच. पेटीतून."

बाया एकमेकींशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या. एक उठून गेली ती सुपात तांदूळ घेऊन आली. नारळ, सुपारी, हिरवा खण. गोदूबाई म्हणाल्या, "उठ. सदऱ्याचा सोगा धर."

"अहो, मी —"

"जो वागवतो त्याची ओटी. धर गं बाय — धर रं!"

आणि त्यांनी माझी ओटी भरली! पंचाहत्तर वर्षांच्या पुरुषाची, वस्तीशाळेत, फळ्यासमोर. कपाळाला कुंकू. गुरुजींनी मोबाइल काढला, मी डोळे वटारले तेव्हा ठेवला. मुलं टाळ्या वाजवत होती. आणि मला, देवाशपथ सांगतो, हसू येत नव्हतं. सोगा धरून उभा होतो आणि ओंजळीओंजळीने तांदूळ पडत होते, तो भार पोटाशी जाणवत होता.

"तिसरा सरंस्तोवर कुणाला बोलायचं नाय," गोदूबाई कानाशी म्हणाल्या. "ही चोरओटी."

म्हणजे तीन महिन्यांच्या आत गुपचूप भरायची ती. आमच्या आईच्या तोंडी हा शब्द होता, पन्नास-साठ वर्षांत ऐकला नव्हता. मला पेटी उचलू दिली नाही कुणी. दोघी बाया डांबरी रस्त्यापर्यंत घेऊन आल्या. वर, "वाकू नको, जड उचलू नको!"


शनिवार, १८ जानेवारी

ओटीचं करायचं काय? आपल्या ओटीचे तांदूळ दुसऱ्याला वाटत नाहीत म्हणतात. पण ही माझी आहे का? शेवटी स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवलं. नारळ, तांदूळ, वर खणाची घडी. बोललो काही नाही. मनाई आहे — दोन्हीकडून!

रोहिणीने विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं. वस्तीवर ओटी भरली."

"तुमची?"

"पेटीत आई नाही म्हणून."

तिने माझ्या कपाळाकडे बघितलं. कुंकू पुसायचं राहिलं होतं. मग पाठ करून भांडी घासायला लागली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, विचारायची सोय नव्हती.


रविवार, १९ जानेवारी

ऋतिका माझ्याशी बोलायला लागली. म्हणजे भांडायला.

"त्या म्हाताऱ्या आजीला पाच मिनिटांत कळलं, नाना. तुम्हाला पंचवीस शाळांत नाही कळलं. पाच बाळं, हवेत! जशी काही फांदीला लागतात. आईचं काय होतं, तिला काय वाटतं, तिची झोप, तिची लाज — आहे का एक तरी ओळ तुमच्या कवितेत?"

"'आईच्या पोटात' आहे की."

"पत्ता म्हणून!"

मार बसला. खरा बसला.

तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही, आजही नाही. वीजघरात डोंगरावरून उतरणारा लोखंडी नळ असतो, पाणी दिसत नाही. पण नळाला कान लावला की कळतं, आत जिवंत काहीतरी धावतंय. दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणारा माणूस तिथे एक पाळी टिकला नसता. जो आला तो आला. तो आपला. एवढं मला कळतं. पण चाळीस वर्षांत मी त्या नळाचा कधी विचार केला नव्हता, सगळा भार त्याने पेलला तो.

उद्या सोमवार.


सोमवार, २० जानेवारी

नऊला गेले, रोहिणी आणि वाल्मिक. मी पायरीवर बसलो. शाळेतल्या कविता एकामागून एक म्हणून बघितल्या. एकही शेवटपर्यंत आठवेना. शेजारीण विचारून गेली, "नाना, कुणाशी बोलताय?"

एकला आले. रोहिणी थेट आत गेली. वाल्मिकने सांगितलं, डॉक्टरबाई म्हणाल्या, वय आहे, ठेवायचं तरी जपावं लागेल, नाही ठेवायचं तरी जपावं लागेल. नीट ठरवून गुरुवारी या.

आणि मग म्हणाला, "नाना, पडद्यावर ठोका दिसला. टिकटिक, टिकटिक. मी बाहेर आलो उठून."

तीन दिवस. आणि मला बोलायचं नाही!


मंगळवार, २१ जानेवारी

ऋतिकाने कुणालाही न विचारता विमलबाईंना फोन लावला. माझ्यासमोर. "काकी, त्या दिवशी उलटी मला झाली नव्हती. आईला झाली होती. आईला दिवस गेलेत."

स्पीकर लावला नव्हता. विमलबाईंना लागत नाही.

"काय म्हन्तेस? तुज्या आयेला?"

"हो."

पलीकडे एक ट्रक गेल्याचा आवाज. मग फोन बंद.

रोहिणीने हे ऐकलं. ओरडली नाही. "मोडलं," एवढंच म्हणाली आणि जाऊन पडली. ऋतिका दारात उभी राहून म्हणत होती, "मोडलं तर मोडलं, आई! पण तुझ्याबद्दल खोटं बोलून मला नाही जायचं त्या घरात." पोरगी कुणावर गेलीय कळत नाही.


बुधवार, २२ जानेवारी

अकराच्या सुमाराला दारात टेंपो. मागे टायर भरलेले, पुढे ड्रायव्हरशेजारी विमलबाई. उतरल्या, कुणाला नमस्कार नाही, थेट आत. रोहिणी उठून बसेपर्यंत तिच्या खाटेवर बसल्या. खाट कुरकुरली.

"काल फोन कट केला तो हसू आवरंना म्हणून. राग नका धरू. गिऱ्हाईक हुतं समोर."

रोहिणीने पाय आवरून घेतले.

"लाजतीस कशापायी गं? ऐक. संतोषच्या टायमाला माजी सासू आनि मी, दोघी पोटुशी. एकाच घरात! सासू मला म्हने तू बस, मी सासूला म्हने तुमी बसा. सैपाक करायला कुनीच उठंना! सासऱ्यांनी मैनाभर पिठलं केलं. शेवटी मी आधी, ती दोन मैन्यांनी. एक पाळना, दोन पोरं. आमच्या संतोषचा काका संतोषपेक्षा दोन मैन्यांनी लहान हाय, ठाव हाय का तुला?"

"म्हणजे तो टायरच्या दुकानातला किशा?" ऋतिका ओरडली. "तो संतोषचा काका आहे?"

"सख्खा! एकाच बाकावर बसलं दोगं, धावीपर्यंत. मारामारी झाली की मास्तर इचारायचं, सुरू कुनी केलं? संतोष म्हनायचा, काकांनी!"

आणि रोहिणी हसली. आधी नाकातून, मग खो खो करून, पोटाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दहा-बारा दिवसांत या घरात असा आवाज झाला नव्हता. वाल्मिक पाळीवरून आला तो दारातच थबकला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"मांडवात तुला खुर्ची टाकू," विमलबाई म्हणाल्या. "दोन टाकू. एक तुला, एक मला, माजं गुडगं गेल्यात. आनि तुला नगंच असलं, तुला झेपंना, तर ती गोष्ट येगळी. ते तुजं तू बघ. पर आमच्या तोंडाला भिऊन काय करू नको, बाय." मग माझ्याकडे वळून, "आनि नाना, तुमी त्या पेटीला कुलूप लावा!"

चहा घेऊन गेल्या. रोहिणी बराच वेळ खिडकीत उभी होती. शेवटी वाल्मिकला म्हणाली,

"उद्याची रजा काढू नका."

मी तरी बोललो नाही. परसात गेलो आणि पेरूच्या झाडाशी बोललो.


गुरुवार, २३ जानेवारी

रोहिणीने ओटीच्या तांदळांची खीर केली. एक वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ओटी तुमची, तेव्हा अर्धी तुम्ही खायची." खाल्ली. वेलदोडा जास्त झाला होता, तरी दोनदा घेतली.


रविवार, २६ जानेवारी

कवितेला नवी ओळ हवी, आईची. सकाळपासून बसलोय. 'आई' ला यमक पुष्कळ, पण एकही खरं नाही. घाई, दाई, जाई, शाई. सगळी खोडली.


सोमवार, १० फेब्रुवारी

आज खालापूरकडच्या शाळेत रोहिणी माझ्याबरोबर आली! तोच हिरवा खण शिवून घातलेला. "बघू तरी काय सांगत फिरता," म्हणाली. नववीचा वर्ग. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, बाळं मांडली. मग म्हटलं, "मुलांनो, या पेटीत एक गोष्ट नाही. ती मी आज वेगळी आणलीय." आणि रोहिणीकडे हात केला.

ती घाबरली. मी तिला सांगितलंच नव्हतं! पण उभी राहिली.

एका मुलीने विचारलं, "काकी, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते. रोज."

"मग काय करता?"

"सकाळ झाली की चहा करते." सगळे हसले. मग म्हणाली, "मला नको होतं आधी. लाज वाटत होती लोकांची. कुणीतरी येऊन खाटेवर बसलं आणि हसवलं. तुमच्या ओळखीत कुणाला असं झालं तर आधी तिच्याशेजारी जाऊन बसा. भाषण नंतर."

भाषण नंतर! पंचवीस शाळा मी उलट्या क्रमाने केल्या तर!

एका मुलाने हात वर केला. "बाळाला आत्ता आमचा आवाज जातो का?" मी सांगितलं, इतक्यात नाही, कान अजून तयार होतायत. "मग आम्ही जरा जोरात म्हणतो," म्हणाला. आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून, डोलत, इतक्या मोठ्याने म्हणाला की शेजारच्या वर्गातले मास्तर आले. तिसऱ्या महिन्याची ओळ रोहिणीकडे बघत म्हटली त्यांनी. ती ओठ चावत उभी होती. मांजर एकच आलं होतं. तिच्या पायाशी बसलं.

फॉर्मवर मतपरिवर्तनाचा रकाना कोरा ठेवला. रोहिणीचं मत कुणी बदललं — गोदूबाईंनी, विमलबाईंनी, की तिचं तिनेच? मला ठाऊक नाही. किशोर म्हणाला, "नाना, एक तरी लिहा."

येताना टेंपोत ती माझ्या खांद्यावर झोपली. पाच वर्षांची असताना झोपायची तशी, तोंड उघडं टाकून.


शनिवार, १५ फेब्रुवारी

ठोका नाही. डॉक्टरबाईंनी तीनदा बघितलं.

कुणाची चूक नाही म्हणाल्या. वाल्मिक व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडला. विमलबाई दुकान बंद करून आल्यात, रोहिणीच्या शेजारी बसून आहेत, बोलत नाहीत.

संध्याकाळी रोहिणी म्हणाली, "नाना, नाव हवं."

मुलगा की मुलगी, कुणालाच ठाऊक नाही. दोघांनाही चालेल असं ठेवलं.

हिरू. ऋतिकाच्या पाठचं.